दार हळू लावणारी गल्ली

अक्का विलायतेहून परत आल्यापासून दार हळू लावतात, ही बातमी आमच्या गल्लीत हां हां म्हणता पसरली. त्याआधीची बातमी चॉकलेटची होती. अक्कांनी सगळ्या घरांत सारखंच चॉकलेट वाटलं, जवळचं कोण नि लांबचं कोण हा हिशेब ठेवला नाही, म्हणून जवळच्या म्हणवणाऱ्या बायका रुसल्या होत्या. पण दाराचं प्रकरण जास्त गंभीर. आमच्या सिरसाळ्यात कडी वाजली नाही, तर माणूस घरात आहे का बाहेर गेला, हे शेजाऱ्यानं ओळखायचं कसं?

अक्कांची आणि माझी भिंत एकच. भिंत कसली, छातीपर्यंतचं कंपाउंड. मधल्या काही विटा निखळल्यात, त्या खिंडारातून कोथिंबीर, विरजण आणि मोबाइलचा चार्जर यांची ये-जा चालते. समोर मामींचं पत्र्याचं घर. मामी रस्ता ओलांडून माझ्या ओट्यावर येऊन बसतात, कारण तिथून भिंतीपलीकडचंही दिसतं आणि रस्त्यावरचंही. परवा त्या मेथी निवडायला घेऊन आल्या, अक्का पलीकडून भिंतीला टेकल्या, मी वह्या तपासायचं ढोंग बाजूला ठेवलं आणि बैठक बसली. मागं परळी–बीड रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या आणि एक भलामोठा स्पीकर घेऊन चालला होता. तो पार निघून जाईपर्यंत आम्ही तिघी नुसत्या ओठ हलवत होतो.

अक्कांचा थोरला रेडिंगला असतो. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनातून वेगाची रेल्वे धरली की अर्ध्या तासाच्या आत येतं ते गाव. पाहुण्यांना व्हिसा सहा महिन्यांच्या वर राहू देत नाही, म्हणून अक्का आणि त्यांचे यजमान अण्णा मे महिन्यात गेले आणि दिवाळी उरकून आले.

"शेजारी कोन होतं तुमच्या?" मामींनी पहिला प्रश्न हाच विचारला. घर केवढं, भाडं किती, हे नंतर.

"एका अंगाला एक म्हातारी. दुसऱ्या अंगाला बोळ. तिकडं दोन घरं एका छपराखाली असतात, मधी एकच भिंत. असल्या जोडघरांची रांगच्या रांग. सगळी लाल विटांची, सगळ्यांना पुढं हातभर अंगण आन् मागं जरा मोठं."

"नाव काय म्हातारीचं?"

"काय की."

मामींच्या हातातली काडी थांबली. "इतके महिने राहून?"

"थोरल्यानं सांगितलं होतं एकदा. पण तिला नावानं हाक मारायची येळच कधी आली नाही बाई. सकाळी दिसली तर ती म्हणणार, आज हवा बरी आहे. मी मान हलवणार. दुसऱ्या दिवशी पाऊस आला तर ती म्हणणार, आज हवा काही बरी नाही. मी पुन्हा मान हलवणार. तेवढ्यावर आमचं सगळं निभलं."

"तिच्या घरी कोन कोन हाय, लेकी किती, जमीन किती..."

"कोणी इचारत नाही तिकडं. पण सगळ्यांना सगळं ठाऊक असतंय हां. खिडक्यांना पातळ पांढरे पडदे. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. मी दुपारी बघायची तर समोरच्या पडद्याची कड जराशी हलायची. मी बी मपल्या पडद्याआड उभीच. ती मला बघायली, मी तिला बघायले, आन् दोघी बी घरात नसल्यागत."

इथं मला राहवलं नाही. मी म्हटलं, अक्का, हे तर आपल्यासारखंच झालं, फक्त मध्ये कापड.

"आपल्यासारखं कसं? आपण बघतो अन् लगेच इचारतो. त्या बघतात आन् ठेवून देतात."

मग खलबत्त्याची गोष्ट निघाली. अक्कांनी सामानात लोखंडी खलबत्ता नेला होता. विमानाच्या वजनकाट्यावर त्याच्यापायी दोन साड्या काढून ठेवाव्या लागल्या, पण खलबत्ता गेला. मिक्सरमधली शेंगदाण्याची चटणी अण्णांना चालत नाही. तिकडं जूनमध्ये पावणेपाचला उजाडतं आणि रात्री नऊ वाजून गेले तरी सूर्य जायचं नाव घेत नाही. अक्कांची झोप उजेडाबरोबर उघडायची. सगळं घर झोपलेलं. मग सहाच्या सुमाराला स्वयंपाकघरात फरशीवर बसून त्या चटणी कुटायला घ्यायच्या. फरशी लाकडाची, भिंत दोघींची.

"आठ-धा दिवस गेले. एका संध्याकाळी म्हातारीनं दार वाजवलं. थोरल्यानं उघडलं. ती हसली, हवेचं बोलली, पोराची शाळा इचारली. आन् जाता जाता म्हणली, तुमच्या घरात काही काम काढलंय का? सकाळी सकाळी सुतार येतो का? थोरल्याचं तोंड लाल. माफी मागितली दोनदा, तिनं बी मागितली दोनदा. ती गेल्यावर मला म्हणतो, आई, उद्यापासून खलबत्ता बंद. मी म्हणलं, कामून? ती तर सुताराचं इचारायली होती. तो म्हणतो, आई, ती भांडायला आली होती."

मामींना हसू आवरेना. "ते भांडण व्हतं?"

"तेच तर! मी म्हणलं, आरं, भांडायचं तर भांड की. पहिल्याच दिवशी भिंतीवर थाप मारायची, ओरडायचं, ए बाई, झोपू दे म्हणून. मी थांबले असते. आठ दिवस ती बिचारी पहाटे डोळे उघडे ठेवून पडली, आन् नंतर हसून सुतार इचारायला आली."

माझं मत निराळं आहे, आणि ते मी तिथं बोलूनही दाखवलं. तिचं भांडण काही कमी प्रतीचं नव्हतं. आपल्याकडं शेजारी ओरडला की संध्याकाळी साखर मागायला येतो, म्हणून ओरडणं परवडतं. जिथं साखर मागायची पद्धत नाही, तिथं एकदा ओरडलं की ते तसंच राहणार. अक्कांना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, तू शाळेत शिकवतीस म्हणून तुला प्रत्येकात धडा दिसतो.

अक्कांनी मग आपल्या परीनं तह केला. दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू डब्यात भरून म्हातारीला नेऊन दिले. चार दिवसांनी डबा दाराशी परत. घासूनपुसून लखलखीत.

"रिकामा?" मामींनी विचारलं. त्यांच्या आवाजात अख्ख्या मराठवाड्याची चिंता होती.

"कागद व्हता आत. फुलाचं चित्र, आन् आभार मानल्याच्या चार ओळी."

"कागद."

"मग काय. मला बी वाईट वाटलं पहिल्यांदा. म्हणलं साखरेची चिमूट तरी टाकावी. पण सप्टेंबरात तिच्या झाडाला सफरचंदं आली. तर तिनं पुढच्या गेटाशी टोपली भरून ठेवली, वर पाटी, ज्याला पाहिजे त्यानं घ्या. सगळ्या गल्लीनं नेली. कोणी आत जाऊन मागितली नाही, तिनं बाहेर येऊन दिली नाही. आपल्याकडं टोपली ठेवली तर टोपलीसगट जाईल, हे सोड. पण बाई, तिला द्यायचं व्हतं. समोर उभं राहून द्यायचं नव्हतं, एवढंच."

चहाला बोलावणं आलं तेही असंच. आज बोलली, आणि चहा पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, साडेतीनला. अक्का तोवर चहाची तयारी करत होत्या की परीक्षेची, हे अण्णांना कळेना.

आवाजाला मात्र तिकडं खरोखर कायद्यात बांधून ठेवलंय. १९९६ च्या कायद्यानं रात्री अकरा ते सकाळी सात हा वेळ वेगळा काढला आहे. त्या वेळात कोणाच्या घरातून फार आवाज आला तर नगरपालिकेचा माणूस मोजयंत्र घेऊन येऊ शकतो आणि दंड करू शकतो. उन्हाळ्यात गल्लीत आईस्क्रीमची गाडी येते, तिच्या घंटीचंसुद्धा सरकारनं ठरवून दिलंय: दुपारी बाराच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही, आणि एका वेळेला बारा सेकंदांच्या वर वाजवायची नाही. अक्कांनी हे सांगितलं तेव्हा मामींनी आपल्या कुल्फीवाल्याची आठवण काढली. तो भर दुपारी दारात उभा राहून अशी घंटा बडवतो, की निजलेलं लेकरू उठून रडायला लागतं आणि त्यालाच मग कुल्फी घ्यावी लागते. धंद्याचं डोकं त्याला म्हणतात.

"पण दिवाळीला सूट हाय," अक्का म्हणाल्या. "एरवी रातच्या अकरानंतर फटाके बंद. दिवाळीच्या रात्री एक वाजेपस्तोर मुभा. कायद्यातच लिहिलंय."

"इंग्रजांच्या कायद्यात दिवाळी?"

"दिवाळी, चिनी लोकांचं नवं वर्ष, आन् त्यांचा एकतीस डिसेंबर. पाच नोव्हेंबरला बारापर्यंत. त्या दिशी ते शेकोट्या पेटवतात. कुणीतरी त्यांची पार्लमेंट उडवायला निघालता, चारशे वर्षं झाली, अजून धरून बसलेत."

१६०५, असं मी भर घातली. कोणी लक्ष दिलं नाही.

"मग वाजवले का तुम्ही एक वाजेपस्तोर?"

"कुठलं. साडेनवाला दोन फुलबाज्या लावल्या आन् घरात आलो. थोरला म्हणला, सूट असली तरी बरं दिसत नाही. त्या गल्लीत रातच्याला कोणी राखण करत नसतंय, पण ज्याच्या त्याच्या मनात एक एक जागल्या बसवलेला हाय."

कागदावर पाहिलं तर आपण मागे नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आपल्याकडंही आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. मी हे नववीला शिकवते. शिकवताना शेजारच्या मंगल कार्यालयातला डीजे सुरू झाला, की फळ्यावर लिहून दाखवते.

अण्णांचं काय झालं, हे मामींना विचारायचं होतं. ज्याची हयात काळ्या रानात गेली, असा माणूस त्या फरशी-गवताच्या अंगणात कसा टिकला? टिकले, आणि चांगले टिकले, कारण त्यांना शेत मिळालं. तिकडं घरांच्या मागं नगरपालिकेची मोकळी जमीन असते, तिचे तुकडे पाडून लोकांना भाजीपाल्यासाठी वर्षाच्या भाड्यानं देतात. १९०८ च्या एका कायद्यानं ती पालिकेची जबाबदारीच ठरवून टाकली. त्या तुकड्याला अलॉटमेंट म्हणतात. पूर्ण तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. त्यासाठी यादीत नाव घालून वर्षानुवर्षं वाट पाहतात.

"अडीच गुंठ्याला वेटिंग!" मामी म्हणाल्या. "आन् अडीच गुंठ्यात करतात काय?"

"काय करत नाहीत ते इचार. बटाटा, वाल, कांदा, मुळा, फुलं. एक पत्र्याची खोली, तिच्यात खुर्ची, चहाची किटली. गल्लीच्या टोकाला एक रिटायर माणूस राहायचा, त्याचा व्हता तुकडा. आमचे हे कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. पहिल्या दिवशी नुसते बघत. दुसऱ्या दिवशी न राहवून खुणेनं सांगितलं, वाल लई दाट लावलाय, चार बोटं सोड. तो माणूस बी येगळाच. त्यानं खुरपं ह्यांच्या हातात दिलं. तिथून पुढं निघेपस्तोर हे रोज सकाळी तिकडंच."

"अण्णांना इंग्रजी येतंय?"

"छट. त्याला तरी मराठी कुठं येती? पण तास तास बोलायचे. तो गोगलगाईवर चिडायचा, हे डुकरांवर चिडायचे. मी एकदा गेले बघायला. गल्लीत जी माणसं तोंड उघडत नाहीत, ती तिथं एकमेकांना लांबून हाका मारून बोलायली. चिखलात पाय, मळके कपडे, आन् खो खो हसणं. मला वाटलं, बोलायची जागा ह्यांनी घरापासून बाजूला काढून ठेवलीय, बूट काढून ठेवावं तशी."

मामींनी मेथीची दुसरी जुडी सोडली. अक्का थोडं थांबून म्हणाल्या, "मामी, बाबासाहेबांचं घर बघून आले."

मामींनी मेथी खाली ठेवली आणि हात पदराला पुसले.

ते घर लंडनच्या उत्तर भागात, प्रिमरोझ हिलजवळ, १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१–२२ मध्ये तिथं राहायचे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. दारावर तशी निळी पाटी आहे. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ मध्ये तीस कोटींच्या पुढं पैसे मोजून विकत घेतलं, आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते स्मारक म्हणून उघडलं. इथपर्यंतचं मामींना माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं, ते मी सांगितलं. गल्ली राहत्या घरांची, एकदम शांत. स्मारक झाल्यावर माणसं येऊ लागली. शेजारच्यांनी तक्रार केली, की लोक घोळक्यानं येतात, फोटो काढतात, गलका होतो. तिथल्या कॅम्डन पालिकेकडं राहत्या घराचं स्मारक करायची परवानगी मागितली होती, ती पालिकेनं २०१८ मध्ये नाकारली. कारण दिलं ते असं, की एक राहतं घर कमी होतंय. त्यावर अपील झालं, २०१९ मध्ये सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यांनी स्मारकाला परवानगी दिली.

"म्हंजी बाबासाहेबांच्या घराला बी शेजाऱ्यांचा तरास," मामी म्हणाल्या. जराशा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तवा तक्रार कोन्ही केली नसंल. एकटेच असतील, वाचत बसलेले. वाचायचा आवाज कुठं येतो?"

"मामी, मी खोटं नाही बोलत," अक्का म्हणाल्या, "त्या गल्लीत उभी राहिले तर मीच हळू बोलाय लागले. आमच्या पुढं अमरावतीकडलं एक कुटुंब व्हतं. म्हातारा, लेक, सून, नातवंडं. म्हाताऱ्यानं पाटीला हात जोडले आन् जय भीम म्हणला, ते बी इतकं हळू, की माझ्या कानावर आलं तेवढंच. डोळ्यातून पाणी चाललंय आन् आवाज दाबून धरलाय. लेक शेजारच्या खिडकीकडं बघायला, कोणी पडदा सरकवला का म्हणून. माझ्या मनात आलं, आरं म्हण की मोठ्यानं. हितवर येऊन बी हळूच म्हणायचं व्हय?"

मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मेथी पुन्हा हातात घेतली, पण त्यानंतरच्या काही काड्या त्यांनी पानांसकट टाकून दिल्या, हे मी पाहिलं.

मला त्या शेजाऱ्यांचा राग पुरता येत नाही, हेही सांगते. आमच्या ओट्यासमोर रोज बस भरून अनोळखी माणसं उतरली असती, तर आम्ही काय केलं असतं? पहिले आठ दिवस चहा दिला असता. नवव्या दिवशी पार्किंगवरून भांडलो असतो. पण तिकडल्यांनी रस्त्यावर येऊन एका शब्दानं कुणाला हटकल्याचं कुठं वाचनात आलं नाही. सगळं कागदावर, पालिकेमार्फत, पाचेक वर्षं. येणाऱ्यांसाठी बाबासाहेब काय होते हे त्यांना कुणी भिंतीवरून सांगितलं असतं, तर कदाचित एवढा कागद लागला नसता. किंवा लागला असताही.

अक्कांनी विषय हलका केला. थोरल्यानं त्यांना टिळकांचं घरही दाखवलं. १० हॉवली प्लेस. चिरोल या पत्रकारावरच्या खटल्यासाठी लोकमान्य लंडनला गेले, तेव्हा १९१८–१९ मध्ये तिथं राहिले. तिथंही निळी पाटी, तिथंही चिडीचूप गल्ली. मग पंतप्रधानांचं घर लांबून पाहिलं, १० डाउनिंग स्ट्रीट. "तिन्ही घरं धा नंबरची," अक्का म्हणाल्या. "मी थोरल्याला म्हणलं, तुझं घर कामून सत्तेचाळीस नंबरचं घेतलंस?"

गणपतीला मात्र त्या पोटभर ओरडल्या. लंडनला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ सालचं, न. चिं. केळकरांच्या पुढाकारानं निघालेलं. डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे. तिथं आरतीला उभं राहिल्यावर अक्कांनी असा काही आवाज लावला, की पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. "खिडक्या लावलेल्या व्हत्या," अक्कांनी खुलासा केला. "मी आधी बघून घेतलं."

एक गोष्ट त्यांनी सांगितली ती हसून नाही. समोरच्या ओळीतल्या एका घरात एकटा म्हातारा राहायचा. तिकडं कचऱ्याचे चाकं लावलेले मोठे डबे असतात, वेगवेगळ्या रंगांचे, वेगवेगळ्या कचऱ्याला. ठरल्या वारी आदल्या रात्री ते फुटपाथवर नेऊन ठेवायचे, सकाळी गाडी येऊन रिकामे करून जाते. माणसं कामावर गेलेली, पण दुपारी डबे आपापल्या अंगणात परत. अक्कांना वाटायचं गाडीवालेच ठेवत असतील. ऑगस्टात एका सकाळी समोर अँब्युलन्स आली, आवाज न करता. पडदे लागले. कोणी जमलं नाही, कोणी रडलं नाही. अंत्यविधी दोन-तीन आठवड्यांनी, त्यांच्यात तशीच रीत आहे, काळ्या गाड्या हळूहळू आल्या. आणि मधल्या आठवड्यांत डबे संध्याकाळपर्यंत रस्त्यावर उभे. वाऱ्यानं एक-दोन आडवे झाले. तेव्हा गल्लीला कळलं, की सगळ्यांचे डबे आत ओढून ठेवणारा तोच होता.

"मी गाड्या आल्या त्या दिवशी पुढच्या अंगणात जाऊन हात जोडून उभी राहिले. थोरला नको म्हणत व्हता, बोलावलं नाही म्हणून. मयताला बोलावणं लागतं का? त्याची लेक गाडीतून उतरून माझ्याकडं आली, माझे हात धरले. काय बोलली ते कळलं नाही. मी मराठीतच म्हणलं, तुझा बाप लई चांगला व्हता बाई, आमचे डबे ओढायचा. आता ते तिला काय कळलं असंल."

"कळलं असंल," मामी म्हणाल्या.

रस्त्यावरून आणखी एक ट्रॅक्टर गेला. यावर गाणं निराळं होतं, आवाज तोच. तो गेल्यावर मामी एकदम म्हणाल्या, "अक्का, शांत गल्लीचं तुम्ही लई सांगितलं. त्याला विमानात कशाला बसायचं? दसरा झाल्यावर आमच्या भावाच्या वस्तीवर या."

मामींचा लेक आणि सून यंदा ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली ती पावसाळ्यातच, दवाखान्यात गेली. आता ती फिटेपर्यंत, म्हणजे पाडव्याच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, दोघं पहाटे चारला फडात. दोन नातवंडं मामींपाशी. बीड जिल्ह्यातून दर साली लाखो माणसं अशी पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात उतरतात. आमच्या शाळेत दिवाळीनंतर मी हजेरी घेते, तेव्हा नावामागून नाव वाचत जाते आणि उत्तरादाखल कुणीतरी मागून म्हणतं, बाई, ते उसाला. जी पोरं आजीपाशी राहतात ती येतात, काहींना हंगामी वसतिगृहात जेवण मिळतं. बाकीची फडावर.

"वस्तीवर चाळीस घरं," मामी म्हणाल्या. "तीसाला कुलपं. कुत्री बी भुकत नाहीत, भुकायचं कुणावर? एक म्हातारी मेली मागल्या साली, खांदा द्यायला चार माणसं दुसऱ्या गावातून आणली. तुमच्या पोराच्या गल्लीत माणसं घरात असून आवाज न्हाई. आमच्याकडं माणसंच न्हाईत. तुमच्याकडल्या शांततेला लई पैसे पडत असतील, व्हय ना मॅडम?"

पडतात, असं मी म्हटलं. शांत गल्लीतलं घर तिकडं महागच असतं, आणि वर पालिकेचा कर घराच्या १९९१ सालच्या किमतीवरून ठरलेल्या आठ वर्गांतून लागतो.

"आन् हितली फुकट," मामी म्हणाल्या.

अक्का भिंतीवरची पोपडी नखानं काढत होत्या. त्यांना बहुधा थोरल्याचं बोलायचं होतं, आणि बोलल्याच. काल रात्री त्याचा फोन आला होता. म्हणाला, आई, आता तुम्ही दोघंच असता, कंपाउंड वाढवून घ्या. सात फूट करा. पैसे पाठवतो. कुणी येता-जाता आत बघायला नको.

मी काही क्षण त्या निखळलेल्या विटांकडं पाहत राहिले. चार्जर अजून तिकडंच होता.

"तिकडं मागच्या अंगणाचं कुंपण दोन मीटरपर्यंत बिनपरवानगीनं चालतं," अक्का चाचरत म्हणाल्या. "म्हंजी साडेसहा फूट. पण भिंत दोघांची असली तर शेजाऱ्याला दोन महिने आधी कागद द्यावा लागतो. १९९६ चाच कायदा, म्हणाला."

"मग मला कागद द्या."

"देते की. कागद घेऊन तू काय करशील?"

"संमती देणार नाही. आणि हवेबद्दल दोन शब्द बोलेन."

"सुताराचं इचार," मामींनी मला सुचवलं, आणि तिघींना एकदम हसू फुटलं. अण्णा आतून ओरडले, काय झालं म्हणून. अक्कांनी काही नाही असं तितक्याच मोठ्यानं सांगितलं.

"पण गवंडी हाय कुठं?" मामींनी व्यवहाराचं काढलं. "वरच्या आळीतला पुण्याला गेला बिल्डिंगवर, दुसरा उसाला. पाडव्याच्या आत तुम्हाला विटेवर वीट ठिवायला कोन्ही मिळत न्हाई. थोरल्याला सांगा, पैसे ठिव जपून."

"तेच सांगते," अक्का म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "पाडव्यापस्तोर बघू."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी वळली. पुण्याची पासिंग. कोपऱ्यावरच्या घरासमोर थांबली. एक बाई उतरली, नऊवारी नाही, पण साडी भारीतली. मागून टोपीवाले गृहस्थ, त्यांच्या हातात मिठाईचा खोका. आणि सर्वांत शेवटी एक तरुण, जो उतरता उतरता शर्ट नीट करत होता.

"बघायला आले," मामी म्हणाल्या.

"मुलगी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे," मी म्हटलं. "मी तिच्या आईला सांगितलं होतं, एवढं होऊ द्या म्हणून."

"सरक ना जरा," अक्का भिंतीवरून वाकत म्हणाल्या, "त्या पोराचं तोंड दिसंना झालंय. गोरं हाय का सावळं?"